फॉलिक ॲसिड, एमटीएचएफआरचा रिपोर्ट आणि राहून गेलेली सिकलसेलची तपासणी

नागपूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: पहिल्या गरोदरपणात बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाची कवटी तयारच झाली नसल्याचं दिसलं, गर्भपात करावा लागला. फॉलिक ॲसिड त्यांनी पाळी चुकल्यावर दोनेक आठवड्यांनी सुरू केलं होतं. नंतर एका लॅबमधून मोठं जनुकीय पॅनेल करून घेतलं, त्यात ‘एमटीएचएफआर हेटेरोझायगस’ असं आलं, म्हणजे फोलेट हाताळणाऱ्या एका जीनची एक प्रत बदललेली. त्यावरून त्यांना सांगण्यात आलं की साधं फॉलिक ॲसिड तुमच्या शरीराला लागूच पडत नाही, महागड्या मेथिलफोलेटच्या गोळ्या घ्या. सासूबाईंचं म्हणणं, माहेरच्या रक्तातच दोष आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य: ‘मिस्टरांचा सिकलसेल एएस आहे, शाळेत असताना निघाला होता.’ (एएस म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक.) त्यांना विचारायचं आहे की व्हिटॅमिनच्या गोळीने जीनमधला दोष भरून निघतो का, आणि आपलं नेमकं काय चुकलं.

ताई, आधी शेवटचं. तुमचं काही चुकलेलं नाही. पाळी चुकल्यावर गोळी सुरू करणं हे आपल्याकडे बहुतेक सगळ्याच बायका करतात, कारण त्यांना तसंच सांगितलं जातं. पण या दोषाचं वेळापत्रक फार लवकरचं आहे, ते समजलं की पुढचं सगळं समजेल.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींचा एक चपटा पट्टा दिसू लागतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि मधोमध जुळून त्यांची नळी होते. याच नळीचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो. जुळणी सुरू होते मानेच्या पातळीवर आणि तिथून वर-खाली सरकत जाते. डोक्याकडचं तोंड साधारण २५व्या दिवशी बंद होतं, शेपटीकडचं २८व्या दिवशी. गर्भाची लांबी तेव्हा जेमतेम ४ मिलिमीटर असते. डोक्याकडचं तोंड उघडं राहिलं तर ॲनेनसेफली, म्हणजे तुमच्या बाळाला झालं ते. खालचं उघडं राहिलं तर स्पायना बायफिडा. हे दिवस गर्भ राहिल्यापासूनचे आहेत. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर सहावा आठवडा संपता संपता सगळं उरकलेलं असतं. तुम्ही गोळी सुरू केलीत तोवर तुमच्या बाळाच्या डोक्याकडची जुळणी होण्याचे दिवस निघून गेले होते. त्यानंतरची गोळी तुमच्या रक्तासाठी उपयोगाची असते, त्या नळीसाठी नाही.

या काळात पेशी झपाट्याने दुप्पट होत असतात. दर वेळी डीएनएची नवी प्रत लागते आणि त्या प्रतीचा एक कच्चा माल फोलेटशिवाय तयार होत नाही. फॉलिक ॲसिड हे या फोलेटचंच गोळीतलं रूप. शिवाय कुठला जीन चालू ठेवायचा आणि कुठला बंद, यासाठी डीएनएवर मेथिल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा लागतात, त्यांचा पुरवठाही फोलेट आणि बी१२ मिळूनच करतात. म्हणजे व्हिटॅमिन आणि जीन यांची गाठ पडते ती इथे. व्हिटॅमिन जीनचं अक्षर बदलत नाही. ज्या जीनचं काम जेमतेम चाललं आहे त्याला त्या मोजक्या दिवसांत कमी पडू देत नाही, एवढंच ते करतं. काही जीनच्या बाबतीत एवढं पुरतं, काहींच्या बाबतीत मुळीच नाही.

हे सर्वांत स्वच्छ दिसलं ते उंदरांमध्ये. नळी न मिटण्याचा दोष घडवू शकणारे २००हून जास्त जीन उंदरांत माहीत आहेत. ‘स्प्लॉच’ नावाच्या एका वाणात पॅक्स३ हा जीन बिघडलेला असतो. त्या पिल्लांना फॉलिक ॲसिड मिळालं की दोष कमी होतो. ‘कर्ली टेल’ नावाच्या दुसऱ्या वाणात बाहेरून दिसणारा दोष त्याच जातीचा, पण फॉलिक ॲसिड कितीही द्या, फरक पडत नाही. लंडनच्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की या दुसऱ्या वाणात इनॉसिटॉल नावाचं व्हिटॅमिनसारखं द्रव्य काम करतं. दोष एकच, व्हिटॅमिन एकच, जीन वेगळा म्हणून निकाल वेगळा. माणसांतही असंच असणार, म्हणून गोळी वेळेवर घेऊनही काही घरांत हा दोष होतो. त्या बाईकडे ‘गोळी नीट घेतली नसशील’ म्हणून बोट दाखवणं मला फार लागतं.

सासूबाईंच्या ‘रक्तात दोष’ या म्हणण्यावर एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९३३ साली फ्रेड हेल नावाच्या संशोधकाने एका डुकरिणीला व्हिटॅमिन ए नसलेल्या खाद्यावर ठेवलं. तिची सगळी पिल्लं बुबुळांशिवाय, डोळ्यांच्या रिकाम्या खोबणी घेऊन जन्मली. तोवर असं काही दिसलं की आनुवंशिक म्हणून सोडून देत. पुढे गाभण काळात पुरेसं व्हिटॅमिन ए मिळाल्यावर जन्मलेली पिल्लं डोळस निघाली. याचा अर्थ प्रत्येक जन्मदोष खाण्यामुळेच होतो असा काढू नका. पण एखाद्या बाळात दोष दिसला म्हणून आईच्या माहेरावर ठपका ठेवायला कोणताही आधार नाही, हे त्यातून नक्की निघतं. शिवाय गर्भाचे निम्मे जीन वडिलांचे असतात.

आता फॉलिक ॲसिडचा पुरावा. या औषधाच्या कथेत आपल्या राज्याचाही वाटा आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या, गिरणीकामगार गरोदर बायकांच्या ॲनिमियावर त्यांनी काम केलं आणि यीस्टच्या अर्कात काहीतरी गुणकारी घटक आहे हे १९३१ साली मांडलं. तो घटक म्हणजे फोलेट. नळीच्या दोषांबाबतचा ठाम निकाल मात्र १९९१चा. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ७ देशांतल्या ३३ केंद्रांवर चाचणी घेतली. त्यातल्या बायका अगदी तुमच्यासारख्या होत्या: आधीच्या बाळाला हा दोष होऊन गेलेल्या. गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत दोष पुन्हा होण्याचं प्रमाण १ टक्का निघालं, न घेणाऱ्यांत ३.५ टक्के. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश दोष टळले. बाकीची व्हिटॅमिनंही काही गटांना दिली होती, त्यांचा काही फायदा दिसला नाही. आपल्या आयसीएमआरनेही, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, भारतात अशीच बहुकेंद्री चाचणी घेतली, तिचा कल त्याच दिशेचा आहे.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण तुमच्या एमटीएचएफआरच्या रिपोर्टचं उत्तर त्यातच आहे.

एमटीएचएफआर हा जीन एक एन्झाइम बनवतो. ते फोलेटला त्याच्या शेवटच्या, रक्तात फिरणाऱ्या रूपात आणतं. या जीनमध्ये ६७७व्या जागी सीऐवजी टी असेल तर एन्झाइम थोडं ढिलं पडतं. एकच प्रत बदललेली असेल, म्हणजे तुमच्यासारखं हेटेरोझायगस, तर त्याचं काम साधारण ६५ टक्के चालतं. दोन्ही बदललेल्या असतील तर ३० टक्क्यांच्या आसपास. ऐकून धडकी भरते, कबूल. पण सारखंच फॉलिक ॲसिड घेतल्यावर दोन्ही प्रती बदललेल्या माणसाच्या रक्तातलं फोलेट इतरांपेक्षा सुमारे १६ टक्केच कमी भरतं. आणि तुमची तर एकच प्रत आहे. नागपुरातल्या कुठल्याही बसमधल्या प्रवाशांची तपासणी केली तर एमटीएचएफआरमधला या ना त्या प्रकारचा बदल असलेले बरेच जण निघतील, आणि ते सगळे धडधाकट घरी जातील.

आता महत्त्वाचं. हा ६७७चा बदल सापडला १९९५ साली. १९९१च्या चाचणीत कुणाचाही एमटीएचएफआर तपासला नव्हता, तपासता येतच नव्हता. त्या बायकांमध्ये सगळ्या प्रकारच्या प्रती होत्या, त्यांना साधं फॉलिक ॲसिड दिलं आणि ते लागू पडलं. याहून पक्का दाखला चीनचा आहे. उत्तर चीनमध्ये दोन्ही प्रती बदललेल्या बायकांचं प्रमाण बरंच मोठं आहे आणि नळीचे दोषही तिकडे जास्त होत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत तिथे रोज फक्त ४०० मायक्रोग्रॅम साधं फॉलिक ॲसिड घेतलेल्या बायकांत दोष सुमारे ८० टक्क्यांनी घटले. दक्षिण चीनमध्ये, जिथे मुळात दोष कमी होते, ही घट ४० टक्क्यांच्या आसपास होती. ज्यांचं एन्झाइम ढिलं त्यांना साधी गोळी लागू पडत नाही, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही. फायदा जास्त झाला तो तिकडेच.

मेथिलफोलेट, म्हणजे फोलेटचं तेच रक्तात फिरणारं रूप, वाईट नाही. त्याने रक्तातलं फोलेट वाढतं. पण त्याने नळीचे दोष टळतात असं दाखवणारी चाचणी झालेली नाही, आणि तुमच्या बाबतीत तर मला सिद्ध झालेलं औषधच द्यायचं आहे. साधी ५ मिलिग्रॅमची गोळी कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये अगदी स्वस्तात मिळते. ४ मिलिग्रॅमची आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून ५ची लिहून देतात. ज्यांच्या घरात असा दोष झालेला नाही, मधुमेह नाही, फिटची औषधं नाहीत, त्यांना ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. तुम्हाला मात्र मोठा डोस हवा, आणि तो एमटीएचएफआरमुळे नव्हे, आधीच्या बाळामुळे. अमेरिकेच्या वैद्यकीय जनुकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ सालीच लिहून ठेवलं आहे की वारंवार आपोआप होणारे गर्भपात किंवा रक्त गोठणं यांचं कारण शोधायला एमटीएचएफआरची तपासणी सरसकट करू नये. तरी पॅनेलमध्ये ती असते, पैसे जातात आणि बाई घाबरून घरी येते. तो रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा आणि त्याच्यावरून मनाला लावून घेऊ नका.

बी१२कडे मात्र नीट बघायचं. फोलेटच्या चक्राला पुढे ढकलण्याचं काम बी१२ करतं. ते नसेल तर फोलेट एका रूपात अडकून पडतं, गोळी पोटात जाते पण पेशीला तिचा पुरेसा उपयोग होत नाही. आयर्लंडमधल्या २००९च्या अभ्यासात बी१२ कमी असलेल्या आयांच्या बाळांत नळीच्या दोषांचा धोका दोन ते तीन पट आढळला. आपल्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरं, दूध चहापुरतं आणि अंडं घरात चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिक यांच्या गटाने वर्षानुवर्षं हाच विषय लावून धरला आहे. त्यांच्या २००८च्या निष्कर्षात, गरोदरपणात फोलेट भरपूर पण बी१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. पुण्यातच बी१२ पेशींपर्यंत वाहून नेणाऱ्या टीसीएन२ या जीनमधल्या बदलाचा नळीच्या दोषांशी संबंधही आढळला आहे. मला वाटतं, आपल्या भागात एमटीएचएफआरपेक्षा या बाजूला लक्ष देण्यात जास्त अर्थ आहे. म्हणून ५ मिलिग्रॅम सुरू करतानाच बी१२ तपासा, कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शनने भरून काढा. नुसतं फॉलिक ॲसिड मोठ्या डोसात घेत राहिलं तर ॲनिमिया झाकला जातो आणि नसांची हानी मागे चालूच राहते.

एक सावधगिरी. फॉलिक ॲसिडचा डोस वाढवायचा म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या दोन-चार गोळ्या एकदम घेऊ नका. डबीवर मागे बारीक अक्षरांत बघा: रेटिनॉल, रेटिनाइल पामिटेट किंवा ॲसिटेट लिहिलेलं असेल तर ते तयार व्हिटॅमिन ए आहे. गर्भाच्या पेशींना कोणता अवयव कुठे घडवायचा हे सांगणारे जीन चालू-बंद करण्यात याच व्हिटॅमिनचा हात असतो. कमी पडलं की काय होतं ते डुकराच्या पिल्लांत दिसलं, जास्त झालं तरी घडण बिघडते. रोज १०,००० युनिटच्या पुढे जायचं नाही. गाजर, पपई, शेवग्याचा पाला यांतल्या बीटा-कॅरोटिनची भीती नको. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या (व्हिटॅमिन एच्याच घराण्यातल्या) गोळ्या चालू असतील तर गर्भाचा विचारही त्या बंद करून, डॉक्टरांना विचारूनच.

‘गोळीने जीनमधला दोष भरून निघतो का’ याचं सर्वांत जवळचं ‘हो’ असलेलं उदाहरण मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमिया या दुर्मीळ आजाराचं आहे. त्याच्या एका प्रकारात जीन असा बिघडतो की बी१२ नेहमीच्या प्रमाणात पुरत नाही. १९७५ साली अमेरिकेत अशा गर्भाला आईमार्फत बी१२चे मोठे डोस देऊन जन्माआधीच उपचार केले गेले. जीन तरीही तसाच राहिला. असा आजार असलेल्या मुलाला जन्मानंतरही बी१२ देत राहावं लागतं.

आणि आता तुमच्या पत्राच्या त्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याची आहे. तुमच्या मिस्टरांचा सिकलसेल एएस आहे. तुमचा काय आहे?

तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावरून समजते की तपासलेलाच नाही. हजारो रुपयांचं पॅनेल झालं, आणि विदर्भात जी तपासणी लग्नाआधी व्हायला हवी ती राहिली. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जीनमधलं एकच अक्षर बदलतं, त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. इथे ‘जेमतेम चालणारं काम’ असा प्रकार नाही. जगातलं कुठलंही व्हिटॅमिन त्या अक्षराला हात लावू शकत नाही. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे दोन्ही प्रती बदललेलं आणि आजारी, होण्याची शक्यता २५ टक्के, आधीचं मूल कसं निघालं याच्याशी तिचा संबंध नाही. आणि असं बाळ सोनोग्राफीत अगदी छान दिसतं. जन्मानंतरही पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळतं, त्रास सहाव्या महिन्याच्या सुमारास सुरू होतो. सिकलसेलच्या रुग्णांना रोज फॉलिक ॲसिड देतात ते त्यांच्या लाल पेशी लवकर तुटतात आणि नव्या सतत बनवाव्या लागतात म्हणून. त्यावरून ‘फॉलिक ॲसिडने सिकल बरा होतो’ असा समज गावोगाव झाला आहे, तो काढून टाकायला हवा. नुसत्या एएस माणसाला त्यासाठी वेगळ्या डोसाची गरज नसते.

तपासणी करताना फक्त सोल्युबिलिटी टेस्टवर, म्हणजे सिकलच्या झटपट चाचणीवर थांबू नका, एचपीएलसी करा. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. कारण तुम्ही सिकलच्या नव्हे तर बीटा थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) वाहक असाल, तरी सिकल आणि थॅलेसेमिया मिळून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, आणि सोल्युबिलिटीत थॅलेसेमिया दिसत नाही. इथेही व्हिटॅमिन आडवं येतं. थॅलेसेमियाचा वाहक ओळखतात तो एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकारावरून. बी१२ फार कमी असेल तर हे एचबीए२ थोडं वाढलेलं दिसतं आणि थॅलेसेमियाचा खोटा संशय येतो. लोह कमी असेल तर उलट, ते खाली येऊन खरा थॅलेसेमिया लपू शकतो. म्हणून बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि एचपीएलसी एकाच वेळी करा, आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला तिन्ही एकत्र दाखवा. नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांत सिकलसेलसाठी जा, खासगी लॅबमध्येच जायला हवं असं नाही. २०२३पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत लोकांना तपासणीचं कार्ड देतात. मिस्टरांचा शाळेतला रिपोर्ट सापडत नसेल तर त्यांचीही तपासणी पुन्हा करून घ्या.

तुमची एचपीएलसी नॉर्मल आली तर सिकलचा विषय तिथेच संपला. तुम्हीही वाहक निघालात तर दिवस जाण्याआधी जनुकीय सल्ला घ्या, दोघांचे नेमके बदल शोधून ठेवा. मग अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा छोटा तुकडा घेऊन बाळाची तपासणी करता येते. हे आधी ठरलेलं नसेल तर नंतर दिवस पुरत नाहीत.

जेवणाचं फार लांबवत नाही. चवळीची भाजी, मेथी, पालक, हरभरा, तूर, आपली संत्री हे सगळं चांगलं. पालेभाजी उकळून पाणी फेकू नका, फोलेट त्या पाण्यात जातं. अंबाडी पाणी काढून करायची भाजी आहे, तिच्यावर फोलेटसाठी विसंबू नका. पण ताटातून ४ मिलिग्रॅम कधीच मिळत नाही, म्हणून गोळी लागतेच. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं आणि गरोदरपणात ती चौथ्या महिन्यापासून देतात. ती घ्याच, फक्त नळीच्या दोषासाठी तिच्या भरवशावर राहू नका.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात एचपीएलसी, बी१२, फेरिटिन आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी. मागच्या वेळी गर्भाची जनुकीय तपासणी झाली असेल तर तो कागद शोधून काढा, कारण क्रोमोसोमचा दोष असेल तर पुढचा सल्ला बदलतो. फिटसाठी व्हॅलप्रोएट हे औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद न करता आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम आजपासून, रोज, आणि किमान तीन महिने झाल्याशिवाय गर्भधारणेचा प्रयत्न नको. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांच्यात फोलेटचा साठा व्हायला काही महिने लागतात. दिवस राहिल्यावर ही गोळी बाराव्या आठवड्यापर्यंत, मग नेहमीच्या डोसावर या. सोनोग्राफी बाराव्या आठवड्यात. कवटी झाली आहे की नाही ते तेव्हा कळतं. पाठीचा कणा नीट बघायला अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी चुकवू नका. जाताना मागच्या वेळचा रिपोर्ट सोबत न्या आणि सोनोग्राफीच्या डॉक्टरांना आत गेल्या गेल्या दाखवा.